दारापासून बाकाकडे

"अहो, जरा थांबता का? तुमच्या त्या खरवडण्यात मला माझा सूरच सापडेना!"

चिंगीने मान वर केली. मागच्या दारात एक उंच मुलगा उभा होता. एका हातात लाकडी मुठीची किल्ली, खांद्यावर फडकं, केसांत कोळ्याचं जाळं... आणि चेहरा असा, की जगातला सगळा गोंगाट हिनेच सुरू केलाय जणू!

"सूर हरवला असेल तर घरात शोधा," ती म्हणाली. "इथे फक्त माती आहे आणि गवत."

आणि तिने छिन्नी पुन्हा फटीत घातली. खर्रर्र!

खरं तर ती एरवी इतकं फटकन बोलत नसे. पण त्या दिवशी तिच्या अंगात वेगळंच वारं शिरलं होतं. एकवीस वर्षांची झाली ती, आणि आज पहिल्यांदा एक अख्खं काम तिच्या एकटीच्या नावावर होतं. मागच्या अंगणात अठ्ठेचाळीस दगडी फरश्या होत्या. घराच्या दारापासून पलीकडच्या बाकापर्यंत आठ ओळी, दर ओळीत सहा. त्यांच्यामधल्या फटी खरवडून साफ करायच्या आणि सिमेंट-वाळूचा घट्ट माल भरून अशा बुजवायच्या की वरून हात फिरवला तर फरशी कुठे संपली आणि सांधा कुठे सुरू झाला, कळूच नये.

या फरश्या बसवल्या होत्या तिच्या आप्पांनी, चौदा वर्षांपूर्वी. आप्पा म्हणजे फरशीकामातले जुने मिस्त्री. पण पाणी झिरपून झिरपून सांधे झिजले, आणि तीन आठवड्यांपूर्वी या घरातल्या बाईंच्या काठीचं टोक नेमकं एका फटीत अडकलं. बाई पडल्या. पायाचं हाड मोडलं. "माझीच फट ती," आप्पा दोन दिवस घरात एवढंच बोलत होते. स्वतः दुरुस्त करायला निघालेही, पण त्यांचे गुडघे आता वाकायला तयार नव्हते.

"मी करते," चिंगी म्हणाली होती.

आप्पांनी आपले गुडघे चोळले. मग म्हणाले, "कर. शनिवारी पाच वाजता मी बाईंना दवाखान्यातून घेऊन येतो. प्रत्येक सांध्यावर खिळा ओढून बघीन. सांधा पक्का निघाला तर वाचनालयाच्या अंगणाचं काम तुझं. तीनशे फरश्या! नाही निघाला, तर हत्यारं विकून टाकू. तू काकाच्या झेरॉक्सच्या दुकानात बस."

झेरॉक्सचं दुकान! दिवसभर ते हिरवट उजेडाचं मशीन, आणि काकाचं "कागद सरळ लाव गं"! चिंगीला नुसत्या कल्पनेनेच घुसमटायला झालं होतं.

त्यात बाई कोण, तर तिच्याच शाळेतल्या गणितबाई! नववीत त्यांनी चिंगीला शंभरपैकी एकोणीस दिले होते, आणि पेपर हातात देताना चष्म्यावरून बघत विचारलं होतं, "तुझं पुढे काय होणार गं?" त्या प्रश्नाचं उत्तर चिंगी तेव्हापासून शोधत होती. आता कुठे ते हाताशी आलं होतं, आणि हा कोण लागून गेला मध्येच थांबवणारा?

"हे बघा," तो पायरी उतरून खाली आला. "मी पियानो लावतो. म्हणजे सुरात आणतो. मावशीचा पियानो दहा वर्षं बंद पडलाय. ती यायच्या आत तो वाजायला हवा. तिला सांगितलेलं नाही मी."

"म्हणजे बाई तुमच्या मावशी?"

"सख्ख्या."

"तुम्हाला गणितात किती पडायचे?"

तो चमकला. मग हळूच म्हणाला, "घरातला होतो म्हणून पास करायची."

चिंगीला एवढं हसू फुटलं की छिन्नी निसटली. आणि तोही हसला... त्याचा एक दात जरा पुढे होता, आणि हसला की तो खालच्या ओठावर टेकायचा. चिंगीने ते पाहिलं. नको तितका वेळ पाहिलं.

शेवटी तह झाला. दहा मिनिटं तिची, दहा मिनिटं त्याची. तिने खरवडायचं तेव्हा त्याने आत गप्प बसायचं, आणि त्याने तारा पिळायच्या तेव्हा तिने हात आवरायचा.

झालं! सबंध गुरुवार तसा गेला. खर्रर्र... मग शांतता. मग आतून एकच स्वर — टँ... टँ... टँ... — जरासा वर, जरासा खाली, आणि मग एकदम जागच्या जागी बसलेला. चिंगी टाचांवर बसून ऐकायची. मुळं उपटून काढलेल्या फटी ओळीने तिच्यासमोर उघड्या पडलेल्या असायच्या, आणि आत कुणीतरी एकेक तार तिच्या जागी आणत असायचं. तिला वाटलं, अरेच्चा, हा तर माझंच काम करतोय!

"वेळ संपला!" ती ओरडायची.

"अजून अर्धं मिनिट आहे!" आतून आवाज.

"माझ्या घड्याळात नाही!"

"तुमचं घड्याळ पुढे आहे!"

"मीच पुढे आहे!"

शुक्रवारी तो बिस्किटांचा पुडा घेऊन बाहेर आला आणि पलीकडच्या झाडाखालच्या बाकावर बसला. एक तिला, एक स्वतःला, आणि चुरा सगळा बाकासमोरच्या फरशीवर.

"तुम्हाला खाता येत नाही का?" चिंगी म्हणाली.

"येतं. पण तुम्ही बघत असलात की विसरतो."

असं म्हणून स्वतःच लाल झाला! आणि चिंगी? चिंगीने खाली बघून एवढ्या जोरात फट झाडली की कुंचल्याचे चार केस तुटले.

शनिवार उजाडला. स्वच्छ, कोवळं ऊन. चिंगी आठलाच हजर. घमेल्यात माल कालवला. मुठीत दाबला तर लाडवासारखा राहील आणि हाताला पाणी लागणार नाही इतका कोरडा. त्यात लवकर धरणारी पूड. चार तासांत सांधा माणसाचं वजन घेईल, पण तोपर्यंत फरशीवर पाऊलसुद्धा पडता कामा नये. ओल्या सांध्याच्या फरशीवर कुणी उभं राहिलं की कडेला केसाएवढी भेग पडते, आणि पुढच्या पावसाळ्यात तिची बोटाएवढी होते.

पियानो लावून झाला होता. म्हणजे त्याला बाहेर यायचं काहीच कारण नव्हतं.

तो बाहेर आला. बाकावर जाऊन बसला.

"आता काय काम?" चिंगी दारापाशी गुडघे टेकून.

"काही नाही. आवाज ऐकायला आलो."

"छिन्नीचं काम संपलं. आता आवाज नाही."

"मग तुमचा ऐकतो."

चिंगीने छोटी थापी उचलली, दारापाशीच्या पहिल्या फटीत माल दाबला, आणि सुरुवात केली. आणि काय सांगू — हात असा चालला, असा चालला! भर, दाब, पुन्हा भर, थापीच्या पाठीने घोट, ओल्या स्पंजने पूस. एक फट झाली की थोडं पुढे सरकायचं. पुढे म्हणजे बाकाकडे. तिकडून तो काहीबाही सांगत होता. एका घरी पियानोच्या पोटात मांजरीने पिल्लं घातली होती, आणि घरातल्या आजोबांना वाटत होतं की पियानोला दमा झालाय! चिंगी हसता हसता भरत होती, भरता भरता हसत होती, आणि प्रत्येक फटीगणिक त्याचा आवाज जरा जवळ येत होता.

शेवटच्या ओळीत बिस्किटांच्या चुऱ्याला लागलेली मुंग्यांची एक रांग फटीत उतरताना तिला दिसली. ती थांबलीही. पण नेमकं तेव्हाच तो म्हणाला, "तू हसलीस की डाव्या गालावर सिमेंट तडकतं. तुला माहितीये?"

'तू'! कधी झालं हे 'तुम्ही'चं 'तू'?

चिंगीने मुंग्या कुंचल्याने बाजूला केल्या आणि फट भरून टाकली.

शेवटचा सांधा पुसला. उठली. कंबर सरळ केली. बाकापुढच्या हातभर गवतावर उभी राहून तिने वळून पाहिलं. ओळीवर ओळी, ओले सांधे उन्हात चमचमत होते. कसला देखणा दिसत होता तो चौकोन! आणि पलीकडे... अगदी पलीकडे...

"काय झालं?" त्याने विचारलं.

"दार."

"दाराचं काय?"

"दार तिकडे आहे."

"हो. मी लहान होतो तेव्हाही तिकडेच होतं."

"आणि आपण इकडे आहोत!"

तो उठून उभा राहिला. मागे दोन पुरुष उंचीची भिंत, तिच्यावर काटेरी वेल. डावीकडे तेच, उजवीकडे तेच. पुढे अठ्ठेचाळीस फरश्या, ज्यांवर पाऊल टाकायचं नाही.

"दर्जा भरताना," चिंगी कपाळ धरून मटकन बाकावर बसली, "म्हणजे फटी बुजवताना... लांबच्या टोकापासून दाराकडे यायचं. उलटं उलटं सरकत. मी सात वर्षांची असल्यापासून मला माहितीये! आप्पांनी मला जेवायला शिकवायच्या आधी हे शिकवलंय! कुणी दारापासून सुरू करतं का? कुणीही करत नाही!"

"मग तू का केलंस?"

मानेपासून कानापर्यंत ती गरम झाली.

"चुकून," ती म्हणाली.

"बरं," तो म्हणाला. पण त्याचा तो दात ओठावर टेकलाच.

बारा वाजले होते. पाचपर्यंत कुठेही जाता येणार नव्हतं. जवळ काय होतं? अर्धा पुडा बिस्किटं, बागेचा नळ, उरलेलं सिमेंट-वाळू आणि एक बाक. तो एका टोकाला, ती दुसऱ्या टोकाला, मध्ये बिस्किटं. मग बिस्किटं संपली, आणि मधली जागा तेवढी उरली.

तिने त्याला एकोणिसाची गोष्ट सांगितली. झेरॉक्सच्या दुकानाची सांगितली. वाचनालयाच्या अंगणाची सांगितली, तेव्हा तिचे हात हवेत फरश्या मांडत होते. तो ऐकत होता. नुसता कानांनी नाही, डोळ्यांनीसुद्धा.

"गुरुवारी मी खोटं बोललो," तो एकदम म्हणाला. "तुझ्या खरवडण्याने मला काही अडत नव्हतं. खिडकीतून तू दिसलीस... आणि बाहेर यायला काहीतरी तक्रार हवी ना? म्हणून..."

चिंगी बाकावर जराशी पुढे सरकली. "म्हणून काय?"

"म्हणजे मला असं म्हणायचंय, की तू... मला..."

टक्!

झाडावरचं एक सुकं बोंड फरशीवर पडलं. वाऱ्याची झुळूक आली. टक्... टक्... अजून दोन. तो बोलायला लागला, आणि चौथं पडलं.

टुप्.

तो थांबला. मान एका बाजूला कलली.

"बोल ना!" चिंगी म्हणाली.

"शू... ऐकलंस? बाकी सगळ्या फरश्या 'टक्' म्हणतात. ती एकटी 'टुप्' म्हणाली. ही, समोरची. तिच्या या कोपऱ्याखाली पोकळ आहे."

"काहीतरीच काय! अरे, मी स्वतः..."

आणि तिला मुंग्या आठवल्या. खाली खाली उतरत जाणारी ती रांग. फटीतून खालच्या वाळूत, वाळूतून आणखी आत. एकेक दाणा उपसून त्यांनी फरशीचा कोपरा खालून रिकामा केला होता, आणि ती वरून माल लावून मोकळी झाली होती. हसत हसत!

चिंगीने पुन्हा एकदा खाली पाहिलं. वरून सांधा किती सुरेख दिसत होता. आप्पांचा खिळा कदाचित तिथे लागणारही नाही. आणि आता उकरायचं म्हणजे साडेबारा... पुन्हा भरेपर्यंत एक. पाचला जेमतेम चार तास. नाही धरला तर? सगळ्यांच्या देखत तोच सांधा फुटेल. झेरॉक्सचं मशीन तिच्या डोळ्यांसमोर हिरवं हिरवं लखलखलं.

मग दिसली बाईंची काठी. पुन्हा एकदा खाली जाताना.

"थापी दे," ती म्हणाली.

गवतावर ती सरळ पालथी झोपली, हात लांब केला आणि भरलेला सांधा उकरून काढला. खाली मूठभर भोक! त्याने नळावरून पाणी आणलं, तिने सांगितलं तसा माल कालवला. पियानोच्या तारांना शोभणाऱ्या त्या बोटांनी त्याने मालाचे छोटे छोटे गोळे करून दिले, आणि तिने काटकीने कोंबून कोंबून ते फरशीच्या पोटाखाली बसवले.

"थोडा कोरडा गोळा दे. नाही रे, एवढा नाही! हां, असा."

"तू मला रागावतेस तेव्हा..."

"आत्ता नको! आधी हे."

एक वाजता तिने शेवटचा हात फिरवला. उठून बसली. नाकाला सिमेंट, केसांत गवत.

"हं. आता सांग, काय सांगत होतास?"

त्याने तिच्या तोंडाकडे पाहिलं, हातातल्या थापीकडे पाहिलं. "पाच वाजू देत," तो म्हणाला. "आत्ता तुझं अर्धं लक्ष त्या सांध्यात आहे. मला सगळं हवंय."

पाच वाजायला किती वेळ लागतो, हे चिंगीला त्या दिवशी कळलं.

शेवटी घरापुढे टेम्पोचा आवाज आला. मग दारात आप्पा आले, आणि त्यांच्या आधाराने, पायाला पट्टा, हातात काठी, गणितबाई! आप्पांनी अंगण पाहिलं. मग पलीकडे गवतावर उभे असलेले दोघं पाहिले.

"तुम्ही तिकडे काय करताय?"

"काम," चिंगी म्हणाली. तिचा आवाज चिमणीएवढा आला.

आप्पांनी बाईंना दाराशी टेकवून उभं केलं. खिशातून लांब खिळा काढला, दारामागच्या झाडूच्या दांड्याला बांधला, आणि दारापासून एकेक फट ओढत निघाले. खिळा सरकत होता. कुठे रुतेना, कुठे भुगा निघेना. प्रत्येक फरशीच्या कोपऱ्यावर ते टाच दाबत होते. पहिली ओळ. दुसरी. चौथी... सातवी. आठव्या ओळीत ते त्या कोपऱ्याशी आले. चिंगीने नकळत शेजारचा हात धरला. तो आधीच तिथे होता.

खिळा सांध्यावर आला. दाबला. पुढे सरकला.

आप्पांनी टाच ठेवली. सगळं वजन टाकलं.

फरशी हलली नाही! केसभरसुद्धा नाही!

"हं," आप्पा म्हणाले. त्यांच्या तोंडून एवढं कौतुक तिने जन्मात ऐकलं नव्हतं. मग ते वळले आणि म्हणाले, "या बाई. चाला बिनधास्त."

आणि बाई निघाल्या. टक्... टक्... टक्... काठी मुद्दाम सांध्यांवरच टेकवत, अंगणाच्या मधोमध, अगदी शेवटच्या ओळीपर्यंत. टक्! चिंगीसमोर थांबल्या. चष्म्यावरून पाहिलं. तीच नजर!

"आडव्या सहा, उभ्या आठ फरश्या," बाई म्हणाल्या. "दोन फरश्यांच्या मधल्या फटी एकूण किती?"

"ब्याऐंशी!" चिंगीच्या तोंडून गोळीसारखं सुटलं.

"कशावरून?"

"एकेक हाताने भरलीये बाई! एक तर दोनदा भरलीये. ती पकडली तर त्र्याऐंशी!"

बाईंचे ओठ थरथरले. हसू होतं की आणखी काही, कळलं नाही. "नववीत मी तुला एक प्रश्न विचारला होता," त्या म्हणाल्या. "आज उत्तर मिळालं."

चिंगीला वाटलं, आता आपण या काटेरी भिंतीवरून सरळ उडून जाणार! तीनशे फरश्या! वाचनालय! आणि तेवढ्यात आप्पांनी घसा खाकरला.

"काम चोख आहे. वाचनालय तुझं. पण एक सांग मला," ते हनुवटी खाजवत म्हणाले. "थापीचे हात सगळे दाराकडून बाकाकडे गेलेत. सात वर्षांची असल्यापासून तुला सांगतोय, बाकाकडून दाराकडे यायचं. एवढी साधी गोष्ट कशी चुकली?"

झाडावरून एक बोंड पडलं. टक्.

पुन्हा 'चुकून' म्हणता आलं असतं. पण ब्याऐंशी फटी भरलेली मुलगी आता चिमणीच्या आवाजात का बोलेल?

"चुकली नाही आप्पा," चिंगी म्हणाली. स्वच्छ, मोठ्याने, सगळ्यांना ऐकू जाईल असं. "बाकावर हा बसला होता."

आप्पांचं हनुवटी खाजवणं थांबलं. चिंगीशेजारचा तो तर मुळापासून लाल झाला होता! तीन दिवस जे वाक्य त्याला पुरं करता आलं नव्हतं, ते तिने एका दमात करून टाकलं होतं.

"आणि... आणि मी तिच्यासाठीच बसलो होतो," तो घाईघाईने म्हणाला. "हे मी आधी सांगणार होतो. बोंड पडलं मध्येच!"

आप्पांनी बाईंकडे पाहिलं. "आता याला काय म्हणायचं, बाई?"

बाईंनी अंगणाकडे पाहिलं. दारापासून बाकापर्यंत एका सरळ रेषेत गेलेले थापीचे हात पाहिले. दोघांचे गुंतलेले, सिमेंटने पांढरे झालेले हात पाहिले. मग काठी त्या शेवटच्या सांध्यावर ठणकन आपटली.

"रीत चुकली," त्या म्हणाल्या. "उत्तर बरोबर. पूर्ण मार्क!"